वाचकांची प्रश्नोत्तरे : उंदरांचे विष आणि शिवारातले इतर जीव

रब्बीची पिके उभी राहिली की उंदरांविषयीची पत्रे दरवर्षी येतात आणि त्यांत बहुधा एकच विचारणा असते, की कोणते औषध जास्त जालीम आहे. या खेपेच्या काही पत्रांत मात्र उंदरांबरोबर आणखी काय काय मेले याची चिंता आहे. त्यांतील निवडक प्रश्न थोडक्यात देऊन पुढे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : हरभऱ्यात आणि गव्हात उंदरांचा उपद्रव वाढल्यामुळे मी ब्रोमॅडिओलोनच्या तयार वड्या आणून बांधावर ठेवल्या. "हे औषध हळू काम करते, मेलेला उंदीर दुसऱ्या कोणी खाल्ला तरी त्याला काही होत नाही," असे दुकानदाराने सांगितले होते. काही दिवसांनी विहिरीजवळच्या चिंचेखाली एक गव्हाणी घुबड मरून पडलेले आढळले. या दोन्हींचा संबंध असेल का? (एक शेतकरी, अहिल्यानगर जिल्हा)

उत्तर : असू शकतो, आणि दुकानदाराने दिलेले आश्वासन चुकीचे आहे. ब्रोमॅडिओलोन हे रक्त गोठू न देणारे विष आहे. शरीरात कोठेही इजा झाली की रक्त थांबवणारे जे घटक लागतात ते यकृतात तयार होतात, आणि ते तयार होत राहण्यासाठी के जीवनसत्त्व पुन:पुन्हा वापरात यावे लागते. हे विष नेमके तेच अडवते. रक्तात अगोदरपासून असलेले घटक संपेपर्यंत उंदीर नेहमीसारखा हिंडतो, खातो. मग आतल्या आत रक्तस्राव सुरू होतो आणि साधारण चार ते सात दिवसांत तो मरतो. ही संथ गती कंपन्यांना हवीच असते, कारण त्यामुळे एका उंदराचे मरण आणि त्याने खाल्लेले आमिष यांचा संबंध बाकीच्या उंदरांच्या लक्षात येत नाही. घुबडाच्या बाजूने पाहिले तर हेच दिवस सर्वांत घातक ठरतात. मारक मात्रा पोटात गेली त्या दिवशी उंदराचे खाणे थांबत नाही. तो पुढेही आमिष खात राहतो आणि मरेपर्यंत त्याच्या अंगात गरजेपेक्षा कितीतरी जास्त विष साठते. शिवाय तो मंदावतो, धडपडत चालतो, भर उजेडातही उघड्यावर येतो. रात्री घुबडाच्या आणि दिवसा कापशी घारीच्या तावडीत सर्वांत आधी सापडतो तो असाच उंदीर.

या गटातील पहिले विष, वॉरफरिन, 1948 पासून उंदीरनाशक म्हणून वापरात आले. ते शरीरातून तुलनेने लवकर बाहेर पडत असे आणि उंदराला ते अनेकदा खावे लागे. 1958 मध्ये स्कॉटलंडमध्ये वॉरफरिनला दाद न देणारे उंदीर आढळले आणि त्यावर तोडगा म्हणून 1970 च्या दशकात ब्रोमॅडिओलोन, ब्रोडिफॅकूम, डायफेनॅकूम ही दुसऱ्या पिढीची विषे आली. एकाच खाण्यात काम करणारी आणि यकृताला घट्ट चिकटून महिनोन्महिने तेथेच राहणारी अशी त्यांची ओळख आहे. वडीच्या पाकिटावर 0.005 टक्के असे लिहिलेले असते. किलोभर आमिषात अवघे 50 मिलिग्रॅम विष, असा हिशेब मांडला की ते सौम्य वाटू लागते. पण घुबड एक उंदीर खाऊन थांबत नाही. रोज रात्री ते त्याच बांधांवर शिकार करते आणि आजच्या उंदरातले विष कालच्या विषात मिसळत जाते.

ही केवळ शंका आहे असे कोणी समजू नये. ब्रिटनमध्ये मेलेल्या शिकारी पक्ष्यांच्या यकृतांची तपासणी वर्षानुवर्षे केली जाते, आणि तेथील दहापैकी आठांहून अधिक गव्हाणी घुबडांत या विषांचे अंश सापडत आले आहेत. त्यांतील बहुसंख्य घुबडे विषानेच मेली असा याचा अर्थ नाही; पण विष त्यांच्यापर्यंत पोहोचले हे यातून निर्विवाद दिसते. फ्रान्समध्ये 2011 च्या अखेरीस, गवताळ रानांतील उंदरांसारख्या व्होल या प्राण्यावर ब्रोमॅडिओलोन वापरल्यानंतर एकाच प्रदेशात दोन डझनांहून अधिक तांबड्या घारी मेलेल्या सापडल्या. मलेशियातील तेलताडाच्या मळ्यांत तर घुबडे उंदरांवर उपयोगी पडत होती. तेथे जुनी औषधे सोडून दुसऱ्या पिढीची विषे आणल्यावर काही मळ्यांतील घुबडे झपाट्याने कमी झाल्याची नोंद आहे. ब्रिटनने 2024 मध्ये ब्रोमॅडिओलोन आणि डायफेनॅकूम यांचा इमारतींपासून दूर, उघड्या रानात वापर करण्याची मुभा काढून घेतली. आपल्याकडे हे औषध आजही शेतासाठीही विकले जाते आणि ते विकणाऱ्यालाही बऱ्याचदा त्याविषयी तुम्हाला मिळाली तेवढीच माहिती असते.

तुमच्या शेतातले घुबड यानेच मेले, असे मात्र पत्रावरून ठरवता येणार नाही. घुबडे वाहनांच्या धडकेने मरतात, नायलॉनच्या मांजात अडकून मरतात, विजेच्या तारांवरही मरतात. चोचीतून किंवा गुदद्वारातून रक्त येणे, शव उघडल्यावर पोकळीत न गोठलेले रक्त आढळणे, या गोष्टी रक्तस्रावी विषाकडे बोट दाखवतात. खात्री यकृताच्या रासायनिक तपासणीनेच होते. ती कशी करून घ्यावी हे शेवटच्या उत्तरात आले आहे. घुबडाला दगड मारू नये, ते तो दगड नेऊन नदीवर घासत बसते आणि दगडाबरोबर मारणाराही झिजतो, ही समजूत आपल्या गावांत अजून ऐकू येते. त्या भीतीने निदान दगड तरी थांबले असतील. विषाच्या वडीविषयी अशी भीती कोणी घातलेली नाही.

प्रश्न : आमच्याकडे धानाच्या बांधांवर झिंक फॉस्फाईड लावलेले दाणे टाकण्याची पद्धत आहे. मागच्या हंगामात त्यानंतर होले आणि एक लांडोर मेलेली दिसली. हे विष मेलेल्या उंदरातून पसरत नाही असे ऐकले होते. मग हे पक्षी कसे मेले? (एक वाचक, गोंदिया जिल्हा)

उत्तर : तुम्ही ऐकलेले बरेचसे खरे आहे, पण ते वेगळ्या धोक्याविषयी आहे. झिंक फॉस्फाईड ही करड्या-काळ्या रंगाची, लसणासारख्या वासाची पूड असते. पोटातील आम्लाशी तिचा संयोग झाला की फॉस्फिन हा वायू सुटतो, तो हृदय, फुप्फुसे आणि यकृत यांच्या पेशींना ऊर्जा मिळू देत नाही, आणि प्राणी काही तासांत मरतो. हे विष यकृतात साठून राहत नाही, त्यामुळे मेलेल्या उंदराचे मांस खाणाऱ्या घारीला किंवा कोल्ह्याला त्याचा धोका ब्रोमॅडिओलोनपेक्षा बराच कमी असतो. उंदराच्या पोटात न पचलेले आमिष शिल्लक असेल तेवढाच काय तो धोका. कुत्रा, मांजर यांना या विषाने उलटी होते आणि त्यामुळे ते कधी कधी वाचतात. उंदराला उलटी करताच येत नाही.

होला आणि लांडोर यांनी मात्र उंदीर खाल्लेला नाही. त्यांनी तुमचे दाणेच टिपले आहेत. बांधावर मोकळे टाकलेले तांदूळ, ज्वारी किंवा गव्हाची भरड ही दाणे टिपणाऱ्या प्रत्येक पक्ष्यासाठी वाढलेले ताट असते. त्यातही वाईट गोष्ट अशी, की मोराच्याच कुळातील फेझंट आणि काही जातींचे हंस यांच्यावर झालेल्या चाचण्यांत, वजनाच्या मानाने उंदराला मारण्यास जेवढी मात्रा लागते त्याहून कमी मात्रा या पक्ष्यांना पुरेशी ठरली आहे. म्हणजे ज्याच्यासाठी विष ठेवले त्याच्यापेक्षा चुकून खाणाराच अधिक नाजूक आहे. तित्तर, लावा, पारवे, चिमण्या, सुगरणी हे सारे याच रांगेत येतात.

तुमच्या जिल्ह्याच्या बाबतीत एक जास्तीची काळजी आहे. महाराष्ट्रातले सारस आता जवळजवळ गोंदिया, भंडारा आणि चंद्रपूर एवढ्याच पट्ट्यात उरले आहेत, आणि ते धानाच्या बांध्यांतच चरतात, तेथेच घरटीही करतात. 2000 च्या नोव्हेंबरमध्ये राजस्थानातील भरतपूरच्या अभयारण्याबाहेर गव्हाच्या शेतांत 15 सारस मेले होते. तेथे मारक ठरले ते मोनोक्रोटोफॉस, म्हणजे उंदरांचे विष नव्हे तर कीटकनाशक. पण शेतातले धान्य टिपणाऱ्या इतक्या मोठ्या पक्ष्यांचा थवाही किती सहज संपतो, हे त्या घटनेने दाखवले. ज्या प्रदेशात सारस मोजकेच उरले आहेत, तेथे बांधावर उघडे विषारी दाणे टाकणे मला अक्षम्य वाटते, आणि हे मी शेतकऱ्याचे नुकसान ठाऊक असूनही लिहितो आहे.

आमिष ठेवायचेच असेल तर ते बिळात ठेवावे. संध्याकाळी शेतातील सर्व बिळे मातीने बुजवावीत. सकाळी जी उकरलेली दिसतील तीच वापरातली. दोन दिवस त्यांत विष नसलेली, तेल लावलेली भरड ठेवून उंदरांना सवय लावावी आणि तिसऱ्या दिवशी सुमारे 10 ग्रॅम विषारी आमिष कागदाच्या पुडीत बांधून बिळात खोलवर सरकवून तोंड बंद करावे. आमिषात विषाचे प्रमाण दोन-अडीच टक्क्यांपुढे नेऊ नये. जास्त घातल्याने वास उग्र होतो, उंदीर तोंड लावत नाहीत आणि तेच दाणे बाहेर सांडले तर पक्ष्यांचा जीव घेतात. उरलेले आमिष खोल खड्ड्यात पुरावे.

कायद्याचेही एक कलम लक्षात असू द्यावे. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 मध्ये 'शिकार' या संज्ञेत वन्यप्राण्याला विष घालणेही येते. मोर पहिल्या अनुसूचीत आहे, आणि त्या अनुसूचीतील प्राण्याच्या शिकारीला किमान तीन आणि कमाल सात वर्षे कैदेची तरतूद आहे. हेतू तसा नव्हता, हे सांगत बसण्याची वेळ कोणावर येऊ नये.

प्रश्न : धामण विषारी उंदीर खाते तेव्हा तीही मरते का? (एक शिक्षिका, सातारा जिल्हा)

उत्तर : रक्त न गोठू देणारी विषे सरपटणाऱ्या प्राण्यांवर पक्षी आणि सस्तन प्राणी यांच्या मानाने कमी परिणाम करतात, असे आजवरच्या अभ्यासांवरून दिसते. पण विष अंगात साठते, आणि सापांवरच जगणाऱ्या सर्पगरुडासारख्या पक्ष्याकडे ते पुढे जाऊ शकते. धामण, नाग, घोणस आणि घोरपड यांना खरा धोका आहे तो बिळात टाकल्या जाणाऱ्या ॲल्युमिनियम फॉस्फाईडच्या गोळ्यांचा. ओल लागताच या गोळ्यांतून फॉस्फिन सुटतो आणि बंद केलेल्या बिळात जे जे असेल ते मरते; उंदराच्या बिळात साप, बेडूक, विंचू, कधी मुंगसाची पिल्लेही असतात. या गोळ्या माणसालाही तितक्याच प्राणघातक आहेत आणि त्यांची विक्री व वापर यांवर सरकारी निर्बंध आहेत. त्या शेतकऱ्याने स्वतः वापरू नयेत.

प्रश्न : उसाच्या फडात ठेवलेले उंदराचे औषध आमच्या कुत्र्याने खाल्ले. ते पाहून त्याला पशुवैद्यकाकडे नेले म्हणून तो वाचला, पण त्याच फडात कोल्हेही येतात. त्यांचे काय होत असेल? (एक ऊस उत्पादक, कोल्हापूर जिल्हा)

उत्तर : तुमचा कुत्रा वाचला, कारण तुम्ही ते पाहिले आणि पशुवैद्यकाकडे नेले. औषध कोणते होते हे तुम्ही लिहिलेले नाही, आणि सगळे त्यावरच अवलंबून असते. ब्रोमॅडिओलोन असेल तर पहिले दोन-तीन दिवस कुत्रा ठणठणीत दिसतो आणि मालक निर्धास्त होतो. मग हिरड्यांतून रक्त, धाप, अशक्तपणा सुरू होतो. त्यावर के-1 जीवनसत्त्व हा नेमका उतारा आहे, मात्र तो तीन-चार आठवडे द्यावा लागतो, कारण विष यकृतातून लवकर निघत नाही. आठवडाभरात बरे वाटले म्हणून औषध थांबवल्याने कुत्रे दगावतात. झिंक फॉस्फाईडला असा उतारा नाही. कुत्र्याला खायला न घालता ताबडतोब दवाखान्यात न्यावे, आणि त्याच्या उलटीतून फॉस्फिन बाहेर पडत असल्याने बंद खोलीत किंवा काचा लावलेल्या गाडीत त्याच्याजवळ बसू नये.

कोल्ह्याला, खोकडाला, रानमांजराला पशुवैद्यक नाही. ऊसपट्ट्यात कोल्हा फडातच लपतो, तेथेच पिल्ले वाढवतो आणि त्याच्या खाण्यात उंदीर-घुशींचा मोठा वाटा असतो. फडात मेलेला कोल्हा ऊसतोडीपर्यंत कोणाच्या दृष्टीस पडत नाही आणि तोवर त्याची हाडेच उरतात. अशा मृत्यूंची नोंद आपल्याकडे जवळजवळ होत नाही, आणि नोंद नाही म्हणून ते होत नसावेत असा सोयीचा निष्कर्ष काढला जातो.

प्रश्न : विषाचे दुष्परिणाम मान्य आहेत. पण उंदीर आमच्या पिकाचा घास घेतात त्याचे काय? घुबडाच्या भरवशावर शेती करायची का? (एक शेतकरी, जालना जिल्हा)

उत्तर : केवळ घुबडाच्या भरवशावर नक्कीच नाही. शेतातली लहान घूस जेमतेम तीन आठवड्यांनी विते, एका वेळी सहा-आठ पिल्ले देते आणि बिळात कणसांचा साठा करून ठेवते. पावसाळ्यानंतर अन्न मुबलक असताना तिची संख्या ज्या वेगाने वाढते त्या वेगाने कोणताही शिकारी प्राणी वाढत नाही. उंदरांचा उद्रेक झाल्यावर घुबडे तो आवरतील, अशी आशा धरू नये. उद्रेक होण्याआधी, उंदीर थोडे असताना, ते थोडेच राहावेत हे काम घुबड, धामण, मुंगूस आणि कोल्हा मिळून करतात. विषाने हे सारे मेले आणि चार उंदीर वाचले, तर पुढच्या हंगामात शेत त्या चौघांचेच.

म्हणून वेळ महत्त्वाची. बहुतेक शेतकरी ओंब्या भरल्यावर, नुकसान डोळ्यांना दिसू लागल्यावर औषध आणतात. त्या वेळी उंदरासमोर शेतभर पक्वान्न असते, तो आमिषाकडे ढुंकूनही पाहत नाही, आणि आमिष पडून राहते ते पक्ष्यांसाठी. मे-जूनमध्ये, पेरणीआधी, रान रिकामे आणि उंदीर भुकेले व संख्येने कमी असताना एका आठवड्यात साऱ्या गावाने मिळून मोहीम केली तर थोड्या आमिषात पुष्कळ काम होते. एकट्याने आपले चार एकर साफ केल्याने शेजारच्या शिवारातले उंदीर पंधरवड्यात तेथे येतात. बांध रुंद ठेवू नयेत, त्यांवरचे तण काढावे, कडब्याच्या गंजीचा तळ जमिनीपासून उचललेला असावा. हे कंटाळवाणे सल्ले आहेत, पण घूस रुंद, झाडोऱ्याच्या बांधातच बीळ करते, हे कोणत्याही शेतकऱ्याला ठाऊक आहे. पिंजरे, सापळे आणि बिळे खणून उंदीर पकडणे यांत मेहनत आहे, तरी लहान क्षेत्रात त्यासारखा निर्धोक उपाय नाही. चिकट फळ्यांचे सापळे मात्र शेतात लावू नयेत. त्यांवर सरडे आणि दयाळांसारखे पक्षी चिकटून हाल होऊन मरतात.

झिंक फॉस्फाईड वापरल्यावर वाचलेले उंदीर ते पुन्हा खात नाहीत, म्हणून दहा-बारा दिवसांनी ब्रोमॅडिओलोन द्यावे असा कृषी खात्यांचा नेहमीचा सल्ला असतो. तो सर्रास पाळण्याऐवजी पुन्हा बिळे बुजवून पाहावे, फक्त उकरलेल्या बिळांतच वडी आत सरकवावी आणि पुढचे दहा दिवस रोज सकाळी शेतात फेरी मारून मेलेले उंदीर हातमोजे घालून गोळा करून खोल पुरावेत. या फेरीचा कंटाळा येणार असेल तर ब्रोमॅडिओलोन शेतात आणूच नये, असे माझे मत आहे.

आता घुबडांकडे येऊ. इस्रायलमध्ये 1980 च्या दशकात बेट शेआन खोऱ्यातील एका किबुत्झवर (सामूहिक शेतीच्या वसाहतीवर) गव्हाणी घुबडांसाठी लाकडी पेट्या लावायला सुरुवात झाली. आज त्या देशभर हजारोंच्या संख्येने आहेत आणि शेजारच्या जॉर्डनमधील शेतकरीही त्यात सामील झाले आहेत. आपल्याकडे लक्षद्वीपमध्ये नारळाच्या शेंड्यात राहणाऱ्या उंदरांवर उपाय म्हणून कवरत्ती बेटावर केरळमधून गव्हाणी घुबडे नेण्याचा प्रयोग झाला. बेटांवर बाहेरची घुबडे नेण्याविषयी मी साशंक आहे, कारण सेशेल्समध्ये 1949 पासून आणलेल्या गव्हाणी घुबडांनी उंदरांपेक्षा सोपे भक्ष्य म्हणून तेथील पांढऱ्या सुरय पक्ष्यांना धरले. महाराष्ट्राच्या शिवारात तो प्रश्न नाही. येथे घुबड मुळातच आहे, फक्त त्याला राहायला जुने वाडे आणि ढोल्यांची झाडे उरलेली नाहीत. शेताच्या कडेला तीन-चार मीटर उंचीवर पेटी लावावी, आणि हरभऱ्यात घाटेअळीसाठी उभारलेले पक्षीथांबे रात्रीही तसेच ठेवावेत, म्हणजे पिंगळा आणि घुबड त्यांवर बसतात. एक अट मात्र पाळावीच लागेल: पेटी असलेल्या शिवारात उघड्यावर ब्रोमॅडिओलोन ठेवू नये. पेटी लावून घुबडाला बोलवायचे आणि त्याच बांधावर विषारी उंदीर सोडायचे, यापेक्षा पेटी न लावलेली बरी.

प्रश्न : शेतात मेलेला पक्षी किंवा प्राणी सापडला तर कोणाला कळवावे? (अनेक वाचक)

उत्तर : वनरक्षक किंवा वनपरिक्षेत्र कार्यालय येथे कळवावे, वन विभागाचा 1926 हा निःशुल्क क्रमांकही आहे. शवाला उघड्या हाताने हात लावू नये, ते पुरू किंवा जाळू नये, पण कुत्र्यांपासून झाकून ठेवावे आणि जागेसह छायाचित्र काढावे. तपासणीसाठी यकृत आणि पोटातील ऐवज लागतो आणि दोन्ही उन्हात लवकर सडतात, त्यामुळे पंचनामा त्याच दिवशी व्हावा आणि नमुने बर्फात जावेत यासाठी आग्रह धरावा. आसपास कोणते औषध वापरले गेले त्याचे रिकामे पाकीट मिळाल्यास तेही सोबत द्यावे. कोणते विष शोधायचे हे प्रयोगशाळेला अगोदर सांगावे लागते, आणि ते न सांगितल्यास अहवालात बहुधा 'कारण अज्ञात' एवढेच लिहून येते.